ट्रायकोडर्मा सुधारायचा म्हणजे नेमकं काय सुधारायचं?

मर, मानकूज, मूळकूज या पिकांच्या रोगांपैकी कुठलंही नाव घेतलं की कृषी केंद्रवाला पहिली पुडी काढतो ती ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची. रावेर-यावलच्या केळीत आळवणी (पाण्यात कालवून बुंध्याशी ओतणं), चोपड्याकडच्या हरभऱ्यात बीजप्रक्रिया, नंदुरबारच्या मिरचीच्या रोपवाटिकेत शेणखतातून वापर, सगळीकडे ही पुडी पोचली आहे. आणि एका शेतात गुण आला, बांधापलीकडे काहीच झालं नाही, ही तक्रारही तिच्यासोबतच पोचली आहे. यावर एक उपाय म्हणजे ही बुरशीच जनुकांच्या पातळीवर सुधारून घेणं. हे काम जगभर चाळीसहून जास्त वर्षं चालू आहे. त्यात काय साधलं, काय फसलं आणि खान्देशच्या जमिनीला त्यातलं काय उपयोगाचं, ते पाहू.

आधी ही बुरशी काम कसं करते ते समजून घ्यावं लागेल, कारण काय सुधारायचं हे त्यावरच ठरतं. ट्रायकोडर्मा जमिनीतली हिरवट बुरशी आहे. ती रोगकारक बुरशीच्या तंतूला विळखा घालून त्याची भिंत विरघळवू शकते आणि आतलं खाऊ शकते, हे अमेरिकेत वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये दाखवलं. बुरशीची भिंत मुख्यतः कायटिन आणि ग्लुकान यांची असते, म्हणून ट्रायकोडर्मा कायटिनेज, ग्लुकानेज आणि प्रथिनं तोडणारी प्रोटिएज ही विकरं (एन्झाइम) सोडतो. दुसरं हत्यार म्हणजे ग्लायोटॉक्सिन, व्हिरिडिन यांसारखी मारक रसायनं. तिसरं, मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधीच अडवणं. चौथं, मुळाच्या वरच्या थरात शिरून झाडाचीच प्रतिकारशक्ती जागी करणं. हल्ली या चौथ्या कामाला फार महत्त्व दिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

इथे एक बारकावा आहे. रोपवाटिकेत रोपं कोलमडवणारा आणि पपईचा बुंधा कुजवणारा पिथियम हा खऱ्या अर्थानं बुरशी नाही. त्याच्या भिंतीत कायटिन जवळजवळ नसतंच, सेल्युलोज आणि ग्लुकान असतं. त्यामुळे कायटिनेज दुपटीनं सोडणारा स्ट्रेन (बुरशीचा वाण) कितीही मेहनतीनं तयार केला, तरी शिरपूर-शहाद्याच्या पपईवाल्याला त्याचा लाभ बेताचाच. तिथे मारक रसायन जास्त सोडणारा स्ट्रेन हवा. हरभऱ्याची मर फ्युजेरियममुळे, मानकूज स्क्लेरोशियम रॉल्फसायमुळे, कपाशीची मूळकूज रायझोक्टोनियामुळे होते. म्हणून ‘सुधारित’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या रोगासाठी, कशात सुधारित?

खान्देशात हा प्रश्न आणखी तीन ठिकाणी अडतो. पहिली अडचण उन्हाची. बहुतेक ट्रायकोडर्मा २५ ते ३० अंशांत उत्तम वाढतात, पस्तिशीच्या पुढे मंदावतात आणि चाळिशीत वाढ थांबते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे हवेचा पाराच पंचेचाळिशीला टेकतो आणि उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहून तापतो. दुसरी अडचण जमिनीची. ट्रायकोडर्माला किंचित आंबट माती मानवते, तर तापीकाठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ असतो. अशा जमिनीत लोह असूनही विरघळत नाही आणि त्यासाठी जिवाणू नि बुरशी यांच्यात ओढाताण चालते. तिसरी अडचण आपण स्वतः आणतो: कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. आळवणीत, बियाण्याला, खोडाजवळ, जिथेतिथे. ते रोगकारक बुरशीला मारतं तसं ट्रायकोडर्मालाही, अगदी थोड्या मात्रेत.

गहू-कपाशीसारखा दोन चांगल्या वाणांचा संकर इथे करता येत नाही. शेतीत वापरले जाणारे बहुतेक स्ट्रेन लैंगिक प्रजनन करतच नाहीत. हिरवे बीजाणू हीच त्यांची पुढची पिढी, आणि ती आईची हुबेहूब नक्कल. ट्रायकोडर्मा रीसाय या प्रजातीत नर-मादीसारखा संयोग प्रयोगशाळेत घडवता आला तो २००९ मध्ये. ही रीसाय दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर लष्कराचे सुती तंबू खाताना सापडली होती, हे कपाशीच्या मुलखात सांगायला हरकत नाही. तर संकर नाही, मग उरतात चार वाटा.

पहिली वाट निवडीची. हिच्यात जनुकाला हात लावावा लागत नाही. निसर्गानं आधीच घडवलेला स्ट्रेन शोधायचा. केळीच्या पनामा मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार ग्रँड नैन या केळीच्या वाणालाही सोडत नाही. तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांनी ‘फ्युसिकॉन्ट’ हे उत्पादन आणलं. त्यातला ट्रायकोडर्मा रीसायचा सीएसआर-टी-३ हा स्ट्रेन क्षार सहन करणारा आहे. खारवट-चोपण मातीशी झुंजण्याचा गुण अशा तऱ्हेनं तयारच मिळाला. मला विचाराल तर, कुठल्याही भागासाठी सुधारणेची सुरुवात इथूनच व्हायला हवी. धुळ्याच्या कोरडवाहू शेतात मे महिन्यात निरोगी उभ्या राहिलेल्या झाडाच्या मुळाभोवतीची माती घ्यावी, तिच्यातून बुरशी वेगळी करावी आणि चाळीस अंशांत, साडेआठ सामूवर काय जगतं ते पाहावं. हे स्वस्त आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी वाट उत्परिवर्तनाची, म्हणजे बुरशीच्या स्वतःच्याच जनुकांत बदल घडवण्याची. हिच्यात पायऱ्या थोड्या आणि चुका जास्त. ताज्या बीजाणूंचं द्रावण करायचं, मिलिलिटरला साधारण दहा लाख ते एक कोटी बीजाणू. गाळून तंतूंचे तुकडे काढून टाकायचे, कारण तंतूच्या एका पेशीत अनेक केंद्रकं असतात आणि एकात झालेला बदल बाकीच्यांखाली झाकला जातो. बीजाणूत बहुधा एकच केंद्रक असतं. मग उघड्या पेट्री डिशमध्ये ते हलवत हलवत २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायचं आणि थोड्या थोड्या वेळानं नमुना काढून किती जगले ते मोजायचं. शंभरातले नव्वद ते नव्व्याण्णव मरतील एवढा वेळ निवडतात. त्याहून कमी दिला तर बदल फारसे होत नाहीत, जास्त दिला तर वाचलेल्यांत नको ते बदलही साठतात.

पुढची पायरी हमखास चुकते. दिव्याखालून काढलेली डिश लगेच अंधारात ठेवावी लागते. ट्रायकोडर्मात फोटोलायेज नावाचं विकर असतं. निळा प्रकाश मिळताच ते अतिनील किरणांनी डीएनएत पाडलेल्या गाठी सोडवतं. डिश खिडकीपाशी राहिली की केलेलं काम बुरशी स्वतःच पुसून टाकते. निदान लाल प्रकाशात तरी काम करावं.

मग चाळणी. कार्बेन्डाझिम सहन करणारा स्ट्रेन हवा असेल तर वाचलेले बीजाणू कार्बेन्डाझिम मिसळलेल्या आगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) पसरायचे. लाखोंतून एखाद-दुसरी वसाहत उगवते. हे औषध बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून पेशीविभाजन अडवतं. त्या प्रथिनातला ठरावीक जागचा एकच अमिनो आम्लाचा घटक बदलला की औषध चिकटत नाही. अमेरिकेत पापाविझास आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याच गटातल्या बेनोमिलला दाद न देणारे स्ट्रेन अतिनील किरणांनी मिळवले होते.

आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं. त्यांनी गॅमा किरण वापरून ट्रायकोडर्मा व्हिरेन्सचा जी-२ हा म्यूटंट (उत्परिवर्तित स्ट्रेन) काढला. तो व्हिरिडिनसह मारक रसायनं मूळ स्ट्रेनच्या दोन ते तीन पट बनवतो आणि पिथियमवर जास्त जोरानं चालतो. तो वाढवण्यासाठी त्यांनी वापरले चिंचोके, आणि टाल्कमध्ये (शंखजिऱ्याच्या भुकटीत) मिसळून बीजप्रक्रियेचं ‘ट्रायकोबार्क’ तयार केलं. हरभरा आणि मसूर यांच्या मानकुजीवर देशात अनेक ठिकाणी शेतांत चाचण्या झाल्या. त्यांत उगवण सुधारली, रोपं मरण्याचं प्रमाण घटलं आणि फुलं सात ते दहा दिवस आधी आली. २०१९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. यात बाहेरचं एकही जनुक नाही. किरणांनी घडवलेल्या भुईमुगाच्या वाणांना आपण जसं जीएम (जनुकबदल केलेले) म्हणत नाही, तसंच हे.

तिसरी वाट प्रोटोप्लास्ट जोडणीची, म्हणजे लैंगिक संकर होत नसताना दोन पेशी बळंच एकत्र आणणं. सोळा-अठरा तासांचे कोवळे तंतू घेऊन भिंत विरघळवणाऱ्या विकरात काही तास ठेवतात. गंमत अशी की या कामासाठी बाजारात मिळणारं विकर बहुधा ट्रायकोडर्मापासूनच काढलेलं असतं. भिंत गेली की उरते टरफल काढलेल्या अंड्यासारखी नाजूक पेशी, तीच प्रोटोप्लास्ट. साध्या पाण्यात ती फुगून फुटते, म्हणून द्रावणात ०.६ मोलर पोटॅशियम क्लोराइड किंवा १.२ मोलर सॉर्बिटॉल ठेवावं लागतं. मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि कॅल्शियम क्लोराइड घालून पेशी एकमेकींना चिकटवायच्या, आणि त्याच घट्ट द्रावणाच्या आगारवर भिंत पुन्हा येऊ द्यायची.

जगभर विकला गेलेला टी-२२ हा स्ट्रेन असाच जन्मला, अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात हार्मन यांच्या गटात, १९८० च्या दशकात. एक आई टी-९५: मुळांवर उत्तम वसणारी, बेनोमिल सहन करणारी. दुसरी टी-१२: लोहाची टंचाई असताना जिवाणूंना पुरून उरणारी. जोडणी झाली की नाही हे ओळखायला एकीला लायसिन आणि दुसरीला हिस्टिडिन या अमिनो आम्लावाचून वाढता येऊ नये असं आधीच करून ठेवलं होतं. दोन्ही नसलेल्या आगारवर जे उगवलं ते जोडलेलं. चुनखडीच्या जमिनीत लोह अडकतं ही आपली अडचण आठवली तर टी-१२ चा गुण इथे किती मोलाचा आहे ते कळेल. मात्र या जोडणीतून दोघींचं निम्मं-निम्मं असं मूल मिळत नाही. तपासल्यावर बहुतेक संतती जवळजवळ एकाच आईसारखी निघाली. दुसरीची केंद्रकं मागे पडतात. त्यामुळे शेकडो वसाहती तपासून एक कामाची निवडावी लागते.

चौथी वाट थेट जनुक घालण्याची किंवा दुरुस्त करण्याची. जनुक प्रोटोप्लास्टमध्ये घालतात किंवा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकरवी पोचवतात. सोबत हायग्रोमायसिन हे प्रतिजैविक सहन करण्याचं जनुक जोडतात, म्हणजे बदललेल्या वसाहती ओळखू येतात. मेक्सिकोतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रोटिएजचं पीआरबी-१ हे जनुक ट्रायकोडर्मात अनेक प्रतींत घातलं आणि कपाशीच्या रोपांवर रायझोक्टोनियाविरुद्ध तपासलं. नियंत्रण पाचपटीपर्यंत सुधारलं. पण सर्वांत चांगलं संरक्षण दिलं ते प्रोटिएज मध्यम प्रमाणात बनवणाऱ्या स्ट्रेननं. सर्वांत जास्त बनवणारे मागे पडले. या क्षेत्रातला हा मला सर्वांत शिकवणारा निकाल वाटतो, कारण ‘आणखी जनुक, आणखी विकर’ हा सोपा हिशेब तो मोडतो. जास्त विकर बनवायला शक्ती लागते, आणि ती वाढीतून आणि बीजाणूंतून कापली जाते.

म्हणूनच नंतरचं डोकं प्रमाणाऐवजी वेळेवर लागलं. २००५ मध्ये ट्रायकोडर्मा अ‍ॅट्रोव्हिरिडीत अ‍ॅस्परजिलस नायजरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे जनुक घातलं, पण ते कायम चालू ठेवलं नाही. शत्रूच्या भिंतीचे तुकडे समोर आल्यावर जागं होणारा प्रमोटर (जनुकाचं बटण) त्याला जोडला. मारा फक्त शत्रू दिसल्यावर, एरवी खर्च नाही.

उष्णतेवरही काम झालं आहे. २००८ मध्ये ट्रायकोडर्मात एचएसपी-७० हे जनुक जास्त प्रमाणात चालवून उष्णता आणि इतर ताण सहन करण्याची ताकद वाढवली गेली. हे प्रथिन तापलेल्या पेशीतली इतर प्रथिनं बिघडू देत नाही. खान्देशासाठी हे हवंहवंसं वाटेल, पण इथे सावध राहायला हवं. चाळीस-पंचेचाळीस अंशांत बीजाणू टिकून राहणं वेगळं आणि त्या तापमानात बुरशी जोमानं वाढणं वेगळं. माणसाच्या अंगाचं तापमान ३७ अंश असतं. त्या तापमानात चांगली वाढणारी ट्रायकोडर्मा लाँगिब्राकिएटम प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांत संसर्ग करू शकते, हे नोंदलेलं आहे. म्हणून आपल्याला हवा तो उन्हाळा सोसून नेणारा स्ट्रेन. उन्हाळ्यात फोफावणारा नको. पावसानंतर जमीन निवली की त्यानं कामाला लागावं.

क्रिस्पर तंत्रानं जनुक नेमक्या जागी कापण्याचं काम ट्रायकोडर्मा रीसायमध्ये २०१५ मध्ये जमलं. सध्या त्याचा मोठा उपयोग कुठलं जनुक काय करतं ते शोधण्यात आहे. एखादं जनुक बंद करून रोगनियंत्रण ढासळलं की नाही ते पाहायचं, आणि मग तोच गुण नैसर्गिक स्ट्रेनांत शोधायचा.

आता फसतं कुठे? सगळ्यात मोठा घोटाळा पेट्री डिशवरच्या चाचणीत होतो. नऊ सेंटिमीटरच्या डिशमध्ये एका बाजूला रोगाची, दुसऱ्या बाजूला ट्रायकोडर्माची पाच मिलिमीटरची चकती ठेवतात, २८ अंशांत आठवडाभर थांबतात आणि रोगाची वाढ किती टक्के रोखली ते काढतात. तिथे ना जिवाणू असतात, ना मूळ, ना चुनखडी. डिशवर ऐंशी टक्के रोखणारा स्ट्रेन मुळावर बसतच नसेल तर शेतात शून्य. चाचणीची शिडी डिशवरून कुंडीतल्या निर्जंतुक न केलेल्या काळ्या मातीत आणि तिथून किमान दोन हंगाम शेतात, अशीच चढावी लागते. फ्युजेरियमचे जाड कवचाचे बीजाणू हरभऱ्याशिवायही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकतात, त्यामुळे एका हंगामाच्या निकालावर उड्या मारण्यात अर्थ नाही.

दुसरं, बदल टिकत नाही. प्रोटोप्लास्टमध्ये अनेक केंद्रकं असतात आणि नवं जनुक त्यातल्या एकातच शिरलेलं असू शकतं. हायग्रोमायसिनचा दाब काढला की जुनी केंद्रकं वरचढ होतात. त्यामुळे एका बीजाणूपासून वसाहत, पुन्हा त्यातल्या एका बीजाणूपासून वसाहत असं दोन-तीनदा करून, मधे साध्या आगारवर वाढवून, गुण शिल्लक आहे का ते तपासतात. तिसरं, चांगला स्ट्रेनही आगारवरून आगारवर फिरवत राहिला की निस्तेज होतो: हिरवा रंग फिका पडतो, बीजाणू कमी, पांढरे पट्टे जास्त. मूळ कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांत ठेवून प्रत्येक बॅच तिथूनच सुरू करणारा उत्पादक निवडावा. सुधारणा टिकवणं हे सुधारणा करण्याइतकंच कठीण काम आहे, आणि छोट्या उत्पादन केंद्रांत नेमकं तेच राहून जातं.

कायद्याचं थोडक्यात. ट्रायकोडर्माची पुडी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवलेली असावी लागते, आणि किरणांनी काढलेल्या म्यूटंटलाही तीच वाट. बाहेरचं जनुक घातलेली बुरशी मात्र पर्यावरण संरक्षण कायद्याच्या १९८९ च्या नियमांत येते. तिला बीटी कपाशीसारखीच जीईएसी या केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची परवानगी लागते. २०२२ मध्ये जनुक-संपादनाला जी सूट मिळाली ती वनस्पतींपुरती आहे, बुरशीला नाही. कपाशी निदान शेतातून उपटता येते. जमिनीत सुटलेले बीजाणू परत गोळा करता येत नाहीत, त्यामुळे ही कडकपणाची बाजू मला पटते. कृषी केंद्रात मिळणाऱ्या पुडीत जनुक घातलेली बुरशी नसते. कुणी तसं सांगून जास्त पैसे मागत असेल तर पुडी परत ठेवावी.

आणि पुडीचा हिशेब. टाल्कमधल्या भुकटीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू असावेत, ओलावा ८ टक्क्यांच्या आत, असा नियम आहे. हरभऱ्याला किलोला ५ ग्रॅम लावले की झाले एक कोटी. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या वाणाचे किलोत साधारण पाच हजार दाणे धरले तर एका दाण्याला दोन हजार बीजाणू. पुडी पत्र्याच्या गुदामात मे महिना काढून आली असेल आणि दहातला एकच जिवंत असेल, तर दाण्याला दोनशे. मग स्ट्रेन कॉर्नेलचा असो की भाभा केंद्राचा, काय फरक पडणार! म्हणून उत्पादनाची तारीख सहा महिन्यांच्या आतली पाहावी आणि शक्यतो पावसाळ्यानंतर बनलेली बॅच घ्यावी. शंका असल्यास अर्धवट शिजवून गार केलेल्या तांदळात चिमूटभर भुकटी स्वच्छ बाटलीत मिसळून, तोंडाला कापूस लावून सावलीत ठेवावी. चार-पाच दिवसांत पांढरी जाळी येऊन हिरवी गादी धरली तर माल जिवंत आहे. इतर बुरशाही हिरव्या असतात, तेव्हा एवढ्यावरून तो ट्रायकोडर्माच आहे असं मात्र ठरत नाही.

खान्देशात ट्रायकोडर्माचा सर्वांत चांगला मोका रब्बीचा हरभरा आहे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन निवलेली आणि ओलसर असते. मे अखेरची पूर्वहंगामी कपाशी सर्वांत वाईट. तिथे द्यायचाच तर पाऊस पडल्यावर, शेणखतातून. शंभर किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात एक किलो भुकटी मिसळून, ओल धरून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत आठ-दहा दिवस ठेवावी आणि मधे दोनदा खालीवर करावी. कच्च्या शेणाचा ढीग आत साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात ती शिजून जाते. मृगबाग असो की कांदेबाग (केळी लागवडीचे दोन हंगाम), केळीला ठिबकमधून भुकटी सोडू नये. टाल्क तोट्या तुंबवतं. द्रवरूप घ्यावं, आणि ठिबकला आम्ल किंवा क्लोरीन दिलं असेल तर नळ्या स्वच्छ धुतल्यावरच सोडावं. कार्बेन्डाझिमची आळवणी झाली असेल तर निदान पंधरा दिवस थांबावं. बियाण्याला आधीच रंगीत बुरशीनाशक लावलेलं असेल तर वेष्टनावरचं औषधाचं नाव वाचावं. कार्बेन्डाझिम असल्यास ट्रायकोडर्मा बियाण्याला न लावता शेणखतातून द्यावा. साध्या बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम (नत्र देणारा जिवाणू), सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी.